बाबांना भेटायला कोण येतं

४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, मास्तरणीने शाळेतला मायना गिरवला. म्हणून नुसता नमस्कार.

घरचा नंबर दिसला की तू फोन उचलत नाहीस, त्यामुळे हे कागदावर. आधी बातमी सांगते, म्हणजे धसका घेणार नाहीस. बाबा घरी आहेत, चालते-बोलते आहेत. मागच्या आठवड्यात त्यांना मेंदूचा झटका आला. मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली. दुकानात धुण्याचं गाठोडं सोडता सोडता ते खाली बसले आणि तिथेच झोपले. दोन दिवस दवाखान्यात नुसती झोप. हलवलं की डोळे उघडायचे, ‘हं’ म्हणायचे आणि परत झोपायचे. मग उठले, दाढी केली आणि घरी निघाले.

आई म्हणाली, ‘लिही त्याला, असशील तसा निघून ये म्हणावं.’ हे झालं तिचं. आता माझं लिहिते. घाई करू नकोस.

का, ते सांगते. डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या बोळातून जाता जाता म्हणाल्या, लहानसा डाग आहे. पुढे कुठलीशी जागा सांगितली. आई, मावशी, आपला इस्त्रीवाला, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. घरातली एकटी पदवीधर मी. मी सगळ्यांना सांगितलं, लहान आहे, काळजीचं कारण नाही. आईने तिथेच भिंतीला टेकून डोळे पुसले. आणि लहानच असणार, कारण काहीच बिघडलेलं नाही. हात चालतो, पाय चालतो, तोंड वाकडं नाही. सुईत दोरा माझ्या आधी ओवतात. सगळं धड आहे, मग हे दिवसभर खुर्चीत बसून राहणं कसलं? ‘बाबा, आज काय खाल्लं?’ विचारलं तर म्हणतात, ‘बघू.’ औषध घेतलं का विचारलं तरी तेच. आई मागे-पुढे करते, इस्त्रीवाला त्यांची कामं उरकतो, आणि हे राजासारखे बसलेत.

तुला सांगायला नको. तुझ्या नोकरीचं जहाज सुटायच्या दिवशी त्यांच्या छातीत दुखायला लागलं होतं. तू बॅग उतरवून ठेवलीस, जहाज तुझ्याशिवाय गेलं, आणि आठवड्याने इस्त्रीवाल्याच्या तोंडून निसटलं की त्या सकाळी मालकांनी दोन ओली गाठोडी एकट्याने वर चढवली होती. जाताना तू म्हणालास, ‘यापुढे तुम्ही खरंच मेलात तरी मी तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.’ बाबा अजून म्हणतात, दुखत होतं. तीन वर्षं झाली, त्या एका शब्दावरून हललेले नाहीत. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

माझा अंदाज असा, की झटका आला तो खराच. पण आलेला झटका ते वाया जाऊ देणार नाहीत.

तेव्हा थांब. मी लक्ष ठेवून आहे.

तुझी धाकटी

१९ नोव्हेंबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. ‘कळलं. बरे आहेत ना, मग झालं.’ शब्दाला पैसे पडतात की काय तिकडे?

पण त्या कार्डाचं आता मला वेगळंच वाटायला लागलंय. सरळ विचारते, सरळ सांग. तू इथे येतोस का?

परवा दुपारी मुलांची शिकवणी आटपून वर आले. बाबा खिडकीशी बसले होते. म्हणाले, ‘तू चुकलीस थोडक्यात. दादा येऊन गेला.’

‘कोणता दादा?’

‘किती दादा आहेत तुला?’

मी आईकडे बघितलं. ती चादरीची घडी घालत होती. वर बघेना.

मी विचारलं, कसा होता. म्हणाले, ‘वाळलाय. दाढी राखलीय. इथे बसला होता, पलंगाच्या कडेला. बुटाचा तळ निघालाय त्याच्या, मी म्हटलं, शिवून घे.’ दादा, ज्याने बघितलं नाही तो बुटाच्या तळाचं कशाला सांगेल?

काल पुन्हा तेच. या वेळी तू सकाळीच आला होतास आणि तुला घाई होती.

आईला स्वयंपाकघरात गाठलं. ‘आई, दादा येतो का?’

‘मला काय माहीत.’

‘दिवसभर घरात तू असतेस.’

‘खाली-वर करते मी. दारात पहारा द्यायला बसत नाही.’ आणि मग, ‘तू उगाच खोदत बसू नकोस. वय झालंय त्यांचं.’

वयाचा इथे काय संबंध? मी विचारलं काय, ती उत्तर देते काय. दादा, हिच्यात पाणी मुरतंय. ती काहीतरी लपवते आहे. दुपारी बाबा झोपले की मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेते. मी गेले की हातातलं काहीतरी पदराखाली जातं. तुझी पत्रं असतील, असं मला वाटतं. तिघांचं आपापसांत जमलंय आणि मला तेवढं बाहेर ठेवलंय, असंही वाटतं.

तू आलास तर मला आनंदच आहे. पण चोरून नको. या घरात कोणीतरी एकमेकांशी खरं बोलावं म्हणूनच मी शिकले, असं मला वाटत आलंय. हसू नकोस.

खरं सांग.

धाकटी

२ डिसेंबर

दादा,

या वेळी कार्डावर चार ओळी. प्रगती आहे. तू शपथेवर लिहितोस, की गाव सोडल्यापासून तू आपल्या गल्लीत पाऊल टाकलेलं नाहीस, दाढी राखलेली नाहीस, आणि बूट नवे आहेत. खरं सांगू? मी ठेवला नाही विश्वास. चोराच्या मनात चांदणं, म्हणून इतकं तपशिलात लिहिलंस, असं वाटलं.

म्हणून मी एक सापळा लावला. बाबांशेजारी बसले आणि सहज म्हटलं, ‘बाबा, काल दादा आला तेव्हा त्याच्याबरोबर तो बुटका मित्र होता ना, मोठा पिंजरा घेऊन?’

असा माणूस नाही. असा पिंजरा नाही. मी जागच्या जागी रचला.

बाबा म्हणाले, ‘हो ना. पोपट होता त्यात. मी म्हटलं बाहेर ठेव, घाण करेल.’

सांगताना पापणी लवली नाही, आवाज अडखळला नाही. पोपट तर मी म्हटलाही नव्हता.

मला इतका राग आला की मी उठून खाली गेले. म्हणजे तू येत नाहीस, हे नक्की. तुझी माफी मागते. पण मग बाबा धडधडीत खोटं बोलतात, मन लावून, नक्षीकाम करून. आणि कशासाठी, तेही मला कळलं असं वाटलं. मी तुला लिहिणार, तुझं मन विरघळणार. माझा टपालवाला केला त्यांनी, असं मी मनाशी म्हटलं.

खाली दुकानात वेगळाच गोंधळ. नवा दंतवैद्य काउंटरवर उभा होता, हातात त्याचा पांढरा कोट. ‘तुमच्याकडे कपडे धुतात की त्यांवर भरतकाम करतात?’

आपल्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण बाबांनी ठरवायची, लाल दोऱ्याने कॉलरच्या आत घालायची आणि डोक्यात ठेवायची. कोणाची फुली, कोणाची दोन टाके आणि एक आडवी रेघ, हे कुठे लिहिलेलं नसतं, तुला माहीतच आहे. एका माणसाला एक खूण, ती जन्मभराची. त्या कोटाच्या कॉलरमध्ये चार खुणा होत्या. चारही वेगळ्या. टाका मात्र एकेक असा, की बघत राहावं.

‘आणि गेल्या खेपेला हा कोट त्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेला,’ दंतवैद्य म्हणाला.

इस्त्रीवाला मागून म्हणाला, ‘त्याने तो घालून दिवसभर काम केलं, साहेब. दाढीला बसलेली माणसं तोंड उघडत नव्हती.’

दंतवैद्य हसला, म्हणून निभावलं. मला हसू आलं नाही. मला वाटलं, हेही मुद्दाम. दुकान बुडायला आलं की मुलगा धावत येईल.

कोट घेऊन तडक मागच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं, मी ढकललं. आई जमिनीवर बसली होती. मांडीवर कपड्यांचा ढीग, हातात सुई, आणि बाजूला वाटीत लाल दोऱ्यांचे तुकडे. ती खुणा उसवत होती. पदराखाली जायचं ते हे. तुझी पत्रं नव्हती, जादा खुणा होत्या.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘दवाखान्यातून आल्यापासून.’

‘आणि सांगितलं नाहीस?’

‘तूच म्हणालीस ना, लहान आहे म्हणून. तू शिकलेली. मला वाटलं, मग हे माझंच काहीतरी बघण्यात चुकतंय.’

मी तिच्यासमोर बसले. तिने दुसरी सुई माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघी उसवत बसलो. उसवता उसवता एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर एकही जादा खूण नाही. ग्रंथपालाचे शर्ट, त्या दोघी परिचारिका बहिणींचे झगे, सगळं जिथल्या तिथे. चुकतात ते फक्त नवे लोक, झटक्यानंतर आलेले. दंतवैद्य दर वेळी आला की बाबांना पहिल्यांदाच भेटतो.

सोंग घेणारा माणूस चारचौघांत चुकतो. हे तर कॉलरच्या आत होतं, जिथे धुणाऱ्याशिवाय कोणी बघत नाही.

मला काही कळेनासं झालंय. उद्या कोट आणि बाबा, दोघांना घेऊन दवाखान्यात जाते.

धाकटी

११ डिसेंबर

दादा,

हे पत्र नीट वाच. मध्ये उठू नकोस.

डॉक्टरीणबाईंसमोर मी कोट ठेवला, पोपटाचं सांगितलं, तुझ्या भेटींचं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, ‘तुम्ही लहान म्हणाला होतात.’

‘लहानच आहे. पण कुठे, तेही सांगितलं होतं मी. डाव्या थॅलॅमसमध्ये.’

सांगितलं होतं, दादा. मला तो शब्द समजला नव्हता. सगळे बघत असताना विचारायची लाज वाटली, आणि ‘लहान’ तेवढा समजला म्हणून तेवढाच घेऊन आले.

त्यांनी बाबांच्या मेंदूचं चित्र पडद्यावर लावलं. अगदी आत, जवळजवळ मधोमध, मसुराच्या दाण्याएवढा ठिपका. मग शेजारी दुसरं चित्र लावलं, नाव झाकून. त्यात डावीकडच्या बाजूला तळहाताएवढा पांढरा पट्टा. ‘यातलं जास्त वाईट कोणतं?’ त्यांनी विचारलं. मी मोठ्याकडे बोट दाखवलं.

‘हाताचं आणि बोलण्याचं विचाराल तर बरोबर,’ त्या म्हणाल्या. ‘या माणसाचा उजवा हात गेला, शब्द गेले. पण काल काय घडलं ते त्यांना ठाऊक असतं. तुमच्या वडिलांचा डाग पडलाय तो आठवणींच्या वाटेवरच्या नाक्यावर. दिवसभरात जे घडतं ते साठवणीत जायचं तर त्या नाक्यावरून जावं लागतं. जुनं आधीच आत पोचलेलं आहे, ते शाबूत. नवं आत जात नाही. डाग केवढा, हे बघावं लागतंच. पण कुठे, हे आधी बघावं लागतं.’

‘मग ते खोटं का बोलतात?’

‘खोटं बोलत नाहीत. खोटं बोलणाऱ्याला खरं माहीत असतं. यांना काल काय झालं विचारलंत की तिथे रिकामं असतं, आणि मेंदूला रिकामं बघवत नाही. तो जवळ जे असेल ते भरतो. त्यांना वाटतं, आपण आठवतोय.’ मग म्हणाल्या, ‘आणि सापळे लावू नका. तुम्ही पिंजरा दिलात, त्यांनी पोपट ठेवला. उद्या दोन्ही त्यांचे होतील.’

सुधारतील का, विचारलं. पहिल्या काही महिन्यांत काही जण थोडे सुधारतात, म्हणाल्या. किती, ते आज सांगता येत नाही. खुर्चीत बसून राहणंही त्याच ठिपक्याचं. काम सुरू करायला जो आतून धक्का लागतो, तोच मंद होतो. आळस नाही तो. राजेपणही नाही.

निघताना सामान्य कक्षातून आले. बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक बसचालक होता, तो अजून तिथेच. उजवा हात उशीवर, नुसता ठेवल्यासारखा. मला बघितल्याबरोबर धडपडायला लागला. ‘छ... छ...’ पुढे येईना. घाम फुटला त्याला. शेवटी डाव्या हाताने खाटेखाली दाखवलं. माझी छत्री. बाबांना घरी नेलं त्या दिवशी विसरले होते. त्याने कोणाला ती नेऊ दिली नव्हती, असं त्याची बायको म्हणाली. बाबा माझ्याबरोबर उभे होते. त्याच्या शेजारी दोन दिवस काढलेले, घरी निघताना त्याचा निरोपही घेतलेला. त्याला नीट नमस्कार करून म्हणाले, ‘आपली ओळख नाही झाली.’ बसचालक माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं. आता दुसरं चित्र कोणाचं असेल, असा विचार मनात आला. मी तो कोणाला बोलून दाखवला नाही.

आता जे सांगायला बसले ते.

घरी आल्यावर मी बाबांना काही विचारलं नाही, ठरवूनच. ते आपणच म्हणाले, ‘दादा येऊन गेला.’ मी म्हटलं, ‘बरं.’ तेवढंच. मग ते बोलत राहिले. आधी मी उलटतपासणी करायचे ना, दाढी कशी, बूट कसे. त्यामुळे ते तेच भरायचे. या वेळी त्यांच्या मनात होतं ते आलं. म्हणाले, ‘मी त्याला सांगून टाकलं.’

‘काय?’

‘त्या दिवशी छातीत काही दुखत नव्हतं म्हणून.’

आई दारात उभी होती. तिने ऐकलं.

‘मग तो काय म्हणाला?’ आईने विचारलं. सापळा नव्हता, तिला राहवलं नाही.

‘काय म्हणणार. चहा घेतला. म्हणाला, ठाऊक होतं मला.’

त्यानंतर रोज ऐकते आहे. कधी तू एकटा येतोस, कधी बायको घेऊन येतोस, एकदा तर जहाजाच्या गणवेशात आला होतास. बाकी सगळं बदलतं. ते एक वाक्य बदलत नाही. दादा, भेटी खोट्या आहेत, पण छातीची गोष्ट जुनी आहे. ती साठवणीतली आहे. तीन वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते रोज निघतंय, आणि ऐकायला समोर तू नसतोस.

ये.

धाकटी

२३ डिसेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. पाकिटातून आलं, म्हणजे बरंच लिहिलं असशील असं वाटलं. होत्या तीनच ओळी. ‘छान जमवलंयस. छातीवर चाललं नाही, आता डोक्यावर. तू तरी त्यांच्यात नव्हतीस.’

वाईट वाटलं, पण राग नाही आला. मी तुझ्या जागी असते तर हेच लिहिलं असतं. गेल्या महिन्यात मी हेच लिहीत होते की. पहिल्या पत्रात तुला थांब म्हटलं ते मीच, सोंग आहे म्हटलं ते मीच, आता ये म्हणते तीही मीच. तू कुठल्या धाकटीवर विश्वास ठेवावास? माझ्याकडे दाखवायला एक कोट होता, तो दंतवैद्य धुऊन घेऊन गेला. चित्र दवाखान्यात आहे, आणि त्यात बघायचं काय, तर मसुराएवढा ठिपका. तू म्हणशील, एवढासा?

हो. एवढासाच.

आणि तू विचारलंस, पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, जणू ते पत्रात धरायचं नाही: ‘आलो तर त्यांना आठवेल का?’

बहुतेक नाही. तुला खोटं सांगून बोलावणार नाही. तुला ओळखतील, लगेच. तुझ्या लहानपणचं सगळं बोलतील. ते वाक्यही म्हणतील, मला खात्री वाटते. तू जिना उतरून गेलास की थोड्या वेळात पुसलं जाईल, आणि दुसऱ्या दिवशी ते कुठलीतरी भलतीच भेट सांगतील, कदाचित पोपट घेऊन. खरी आलेली भेट आणि न आलेली, त्यांच्याकडे दोन्ही सारख्याच. म्हणजे तुझ्या येण्याने त्यांना काही मिळेल का, हे मला सांगता येत नाही. मी आईला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, ‘त्यांना नाही मिळालं तरी चालेल. त्यांचं तर रोज भागतंय. दादाचं राहिलंय.’

दुकानात आता खुणा आई घालते. बाबा शेजारी बसून टाका बघतात आणि नावं ठेवतात. जुन्या गिऱ्हाइकांची त्यांना विचारते, नव्यांची विचारत नाही. तेवढं जमवलंय आम्ही. बाकी रोज नव्याने.

आज दुपारी मी वर आले तर म्हणाले, ‘अगं, आत्ताच गेला. जिन्यात असेल अजून.’

मी जाऊन बघितलं. रोज जाते. आधी तुला रंगेहाथ पकडायला जायचे. आता ठाऊक असतं, कोणी नसतं. तरी कठड्यावरून वाकून खालपर्यंत बघते, थोडा वेळ थांबते, आणि मग वर येऊन बाबांना सांगते, ‘गेला वाटतं.’

ते म्हणतात, ‘येईल उद्या.’

धाकटी